कारागृहातील नातेवाइकासाठी अर्ज कोणाकडे करावा?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार कारागृहे हा राज्यांचा विषय असल्यामुळे महाराष्ट्रात हा कारभार गृह विभागाच्या अखत्यारीत चालतो आणि त्याचे मुख्यालय पुण्यात आहे. तरीही बहुतेक कामांसाठी मुख्यालयापर्यंत जावे लागत नाही, कारण येरवडा असो वा नाशिक रोड, प्रत्येक मध्यवर्ती कारागृहाचा प्रमुख अधीक्षक असतो आणि बंद्याचा, म्हणजे कैद्याचा, अर्ज त्याच्यामार्फतच पुढे जातो.

प्रथम आपला माणूस न्यायाधीन (खटला अजून चालू असलेला) आहे की शिक्षा झालेला, हे निश्चित करावे. न्यायाधीन बंद्याचा जामीन न्यायालयाच्या हाती असतो. त्यासाठी कारागृहात खेटे घालणे व्यर्थ आहे. वकील परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, कारण 1987 च्या कायद्याने कोठडीतील व्यक्तीला मोफत विधी साहाय्याचा हक्क दिला आहे.

शिक्षा झालेल्या बंद्याला 1959 च्या नियमांनुसार संचित रजा (फर्लो, ठरावीक शिक्षा भोगल्यावर मिळणारी) किंवा अभिवचन रजा (पॅरोल, विशेष कारणासाठी मिळणारी) मागता येते. संचित रजेचा काळ शिक्षेत धरला जातो, अभिवचन रजेचा धरला जात नाही. हा फरक अनेक कुटुंबांना उशिरा कळतो. बंदी रजेवर जिथे राहणार त्या भागातील पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो आणि प्रकरण बहुधा तिथेच रेंगाळते. म्हणून जामीनदाराची कागदपत्रे आधीच तयार ठेवावीत, अर्जाची पोच घ्यावी आणि नकार आल्यास त्याची कारणे लेखी मागावीत, कारण उच्च न्यायालयात दाद मागताना तोच कागद लागतो.