हेटरोजंक्शन सोलर सेलवर आयटीओ चढवताना

प्रोजेक्टला आलेली पोरं पहिल्याच दिवशी विचारतात, "ताई, शीट रेझिस्टन्स किती खाली आणायचा?" (म्हणजे पातळ थरात आडव्या जाणाऱ्या विजेला होणारा विरोध.) मी म्हणते, आधी सेल कुठला ते सांगा. फॉस्फरस डिफ्यूजन केलेल्या साध्या सिलिकॉन सेलला पारदर्शक इलेक्ट्रोड लागतच नाही. तो डिफ्यूज झालेला थरच वीज चांदीच्या रेषांपर्यंत पोचवतो. हेटरोजंक्शनमध्ये स्फटिकी सिलिकॉनच्या वेफरवर असतो ५ ते १० नॅनोमीटरचा अमॉर्फस (स्फटिक नसलेला) सिलिकॉन. त्यातून वीज आडवी सरकता सरकत नाही, म्हणून आयटीओ, म्हणजे इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक, वीजवाहक थर.

हा अमॉर्फस थर उष्णतेला भलताच नाजूक. २०० अंशांच्या फार वर गेलात की त्यातला हायड्रोजन निघून जातो आणि पॅसिव्हेशन (पृष्ठभागावरचे दोष झाकणं) संपतं. फवारणीने होणारा फ्लोरिनवाला टिन ऑक्साइड स्वस्त खरा, पण त्याला ४५०च्या आसपास तापमान लागतं, म्हणून इथे तो बाद. ॲल्युमिनियम घातलेला झिंक ऑक्साइड कमी तापमानाला बसतो, इंडियमही वाचतं, पण दमट हवेत त्याचा रेझिस्टन्स चढत जातो. हात बसेपर्यंत आयटीओच वापरा, स्पटरिंगने, म्हणजे टार्गेट नावाच्या तबकडीवरचं मटेरियल प्लाझ्माने उडवून सेलवर बसवत.

जाडी रेझिस्टन्स बघून ठरवू नका. हाच थर परावर्तनही रोखतो. ६०० नॅनोमीटरचा प्रकाश, आयटीओचा अपवर्तनांक साधारण २. ६०० भागिले ८ (चार गुणिले अपवर्तनांक), म्हणजे ७५ नॅनोमीटर. इथपर्यंत पुस्तकात असतं. मी पहिल्यांदा शेजारी ठेवलेल्या काचपट्टीवर बरोबर ७५ मोजले आणि खुशीत सेल बाहेर काढला, तर गडद निळ्याऐवजी तपकिरी झाक! टेक्स्चर केलेल्या वेफरवर पिरॅमिड असतात, त्यांच्या उताराचं क्षेत्रफळ सपाट जागेच्या सुमारे १.७ पट. तेवढंच मटेरियल जास्त जागेवर पसरतं. सेलवर ७५ हवे असतील तर काचपट्टीवर १३०च्या आसपास यायला हवेत. दोन आठवडे मी टार्गेटला दोष देत बसले होते.

आता ऑक्सिजन. खरी कसोटी इथेच. आर्गॉनमध्ये तो अगदी थोडा सोडायचा असतो. कमी पडला तर थरात इलेक्ट्रॉन वाढतात, रेझिस्टन्स छान दिसतो, पण तेच इलेक्ट्रॉन इन्फ्रारेड गिळतात आणि सिलिकॉनच्या वाट्याचा करंट जातो. जास्त झाला तर इलेक्ट्रॉन आटतात आणि फिल फॅक्टर (सेलच्या प्रत्यक्ष पॉवरचं आदर्श पॉवरशी प्रमाण) पडतो. म्हणून फक्त ऑक्सिजन बदलत पाच-सहा काचपट्ट्या करा. प्रत्येकीचा शीट रेझिस्टन्स आणि १००० नॅनोमीटरपलीकडचं शोषण शेजारीशेजारी लिहा. सगळ्यात कमी रेझिस्टन्सची पट्टी बहुधा निवडायची नसते. टार्गेट निवडायची संधी असेल तर नेहमीच्या ९०:१०पेक्षा (इंडियम ऑक्साइड : टिन ऑक्साइड) ९७:३ घ्या. टिन कमी, म्हणून इन्फ्रारेडची चोरीही कमी.

पावसाळ्यात चेंबर उघडा ठेवून चहाला जाऊ नका. भिंतींना पाण्याची वाफ चिकटते, आणि कालचीच रेसिपी आज वेगळा थर देते. जुलैत मी पंप रात्रभर चालू ठेवते.

रेझिस्टन्स फोर-पॉइंट प्रोबनेच (चार सुया टेकवून) मोजा, मल्टिमीटर टेकवून नाही. त्यात टोकांचा संपर्क-रोधही मिसळतो. व्होल्टेज भागिले करंट, गुणिले ४.५३. तोही काचपट्टीवर, कारण सेलवर करंट खालच्या सिलिकॉनमध्ये उतरू शकतो. १३० नॅनोमीटरच्या पट्टीवर ३०च्या आसपास ओहम प्रति चौरस आले तर उत्तम. सेलवर ते जास्तच असणार, घाबरू नका.

पॉवर कमीपासून सुरू करा, प्लाझ्माचा मार अमॉर्फस थराला लागतो. बाहेर काढल्याबरोबर लाइफटाइम (प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन किती वेळ टिकतात तो काळ) घसरलेला दिसला तरी लगेच सेल फेकू नका. कमी तापमानाची चांदीची पेस्ट २०० अंशांखाली भाजताना तो बराचसा परत येतो. त्या भाजणीनंतर पुन्हा मोजा, आणि वहीत दोन्ही आकडे लिहा.