अवघड शब्दांवर वाद कसा घालावा

रविवारी संध्याकाळी चहा झाल्यावर चार माणसे निवांत बसली आणि कोणाच्या तोंडून ‘अपरोक्ष’ किंवा ‘संभावित’ असा एखादा शब्द गेला, की पुण्यातल्या पुष्कळ घरांत वादाला तोंड फुटते. हा वाद बहुतेक वेळा निकालाविना विरतो, कारण एक जण शब्दाच्या मुळाबद्दल बोलत असतो, दुसरा आजच्या वापराबद्दल, आणि तिसरा शुद्धलेखनाबद्दल. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असू शकते. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी आम्ही सहा-सात जण महिन्यातून एकदा ठरवून असा वाद घालतो. त्यात खेळाचा आनंद आहे, पण उठताना हाती काहीतरी लागले पाहिजे असा आग्रहही आहे. त्यातून जी रीत हळूहळू ठरत गेली ती येथे मांडतो.

प्रथम आपण कोणत्या प्रकारे भांडणार आहोत हे ठरवून घ्यावे. न्यायशास्त्राने, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्राने, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: खरे काय ते शोधण्यासाठी होते तो वाद, केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता समोरच्याचे म्हणणे खोडत राहणे ही वितंडा. आपल्याला पहिला प्रकार हवा आहे. म्हणून बोलणाऱ्या प्रत्येकाने आपली बाजू एका वाक्यात सांगितलीच पाहिजे, आणि ‘तुमचे चूक आहे’ एवढेच म्हणून थांबता येणार नाही, असा नियम आम्ही केला. (ज्या शास्त्राने वाद आणि वितंडा वेगळे ठेवले, त्यातलेच दोन शब्द जोडून मराठीने ‘वितंडवाद’ केला. पहिल्या बैठकीसाठी हा शब्द फार चांगला आहे.)

शब्द निवडताना तो अगदीच अनोळखी नसावा. कोणीच कधी न ऐकलेल्या शब्दावर वाद होत नाही, केवळ माहिती दिली जाते. सर्वांनी ऐकलेला, बहुतेकांनी कधीतरी वापरलेला, पण अर्थ विचारल्यावर ज्याबद्दल क्षणभर अडखळायला होते, असा शब्द घ्यावा: सव्यापसव्य, तारतम्य, ऊहापोह, व्रात्य, इत्थंभूत, नामशेष. निव्वळ लेखनाच्या चुका असलेले शब्द मात्र या खेळातून वगळावेत. ‘उपरोक्त’ नव्हे ‘उपर्युक्त’, ‘प्रतिथयश’ नव्हे ‘प्रथितयश’, ‘दुरावस्था’ नव्हे ‘दुरवस्था’, ‘कोट्याधीश’ नव्हे ‘कोट्यधीश’, हे संधी सोडवून दाखवला किंवा मूळ शब्द दाखवला की दोन मिनिटांत संपते. अपवाद एखाद्या जोडीचा करावा, जिथे एका अक्षराने अर्थच पालटतो. ‘अनावृत पत्र’ म्हणजे उघडे पत्र. त्यात एक त वाढवून ‘अनावृत्त’ लिहिले, तर ज्याची आवृत्ती झालेली नाही, जे पुन्हा घडलेले नाही, असा अर्थ होतो.

शब्द ठरला की कोणीही काही बोलण्याआधी प्रत्येकाने एका चिठ्ठीवर त्याचा अर्थ आणि तो वापरून एक वाक्य लिहावे. ही पायरी गाळू नये. घरातल्या आजोबांनी एकदा अर्थ सांगितला की इतरांच्या मनातला अर्थ नकळत त्यांच्याकडे सरकतो, आणि मग वाद उरतच नाही. अर्थापेक्षाही वाक्य अधिक बोलके असते, कारण व्याख्या माणूस आठवून लिहितो आणि वाक्य सवयीने लिहितो. ‘सुतराम’ या शब्दाच्या वेळी आमच्याकडच्या साऱ्या चिठ्ठ्यांत ‘सुतराम शक्यता नाही’ किंवा ‘सुतराम संबंध नाही’ अशीच वाक्ये निघाली; दोघांनी तर ‘सूतराम’ लिहिले होते. हे संस्कृतातले ‘सुतराम्’, म्हणजे अधिकच, अतिशय. त्यातल्या ‘राम’चा देवाशी काही संबंध नाही. नकाराशिवाय हा शब्द वापरून दाखवा, असे सांगितल्यावर कोणालाही वाक्य जमले नाही, आणि मराठीत हा शब्द नकाराच्या आधारानेच जगतो हे तिथल्या तिथे सर्वांच्या लक्षात आले. कोशातल्या अर्थाने हे शिकवले नसते.

कोश उघडायचे ते चिठ्ठ्या वाचून झाल्यावरच. हाताशी तीन असावेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली दुसरी १८५७), पुण्यातूनच १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघालेला दाते-कर्वे आदींचा महाराष्ट्र शब्दकोश, आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश. जुन्या प्रतींसाठी अप्पा बळवंत चौकात विचारपूस करावी; मोल्सवर्थ आणि महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात संगणकावर शोधताही येतात. प्रत्येक कोशाला वेगळा प्रश्न विचारायचा असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मराठी माणूस या शब्दाने काय समजत होता, हे मोल्सवर्थला विचारावे. जो अर्थ तिथे नोंदलेला आहे त्याला ‘हल्लीच्या वर्तमानपत्रांनी केलेली नासाडी’ म्हणता येत नाही. उलट तिथे नोंद नाही एवढ्यावरून तो अर्थ तेव्हा नव्हताच असेही ठरत नाही. महाराष्ट्र शब्दकोशात जुन्या वाङ्मयातली उदाहरणे मिळतात, म्हणून तिथे अर्थाइतकेच उदाहरण वाचावे. व्युत्पत्तिकोश सर्वांत शेवटी उघडावा, कारण मूळ कळले की माणसांना वाद संपल्यासारखे वाटते, आणि खरे तर तो तिथे सुरू होतो.

‘अपरोक्ष’चेच पाहा. आमच्याकडे यावर दोन बैठका गेल्या. ‘माझ्या अपरोक्ष त्यांनी निर्णय घेतला’ असे वाक्य एका काकूंच्या चिठ्ठीत होते. त्यांचा अर्थ ‘माझ्या पाठीमागे’. एका निवृत्त शिक्षकांनी आक्षेप घेतला, की परोक्ष म्हणजे डोळ्यांआड, तेव्हा अपरोक्ष म्हणजे डोळ्यांसमोर, आणि वेदान्तात ‘अपरोक्ष ज्ञान’ म्हणतात ते साक्षात अनुभवाला; काकूंचे वाक्य मुळाच्या नेमके उलट आहे. हा पूर्वपक्ष, म्हणजे आधी मांडलेला आक्षेप, अगदी भक्कम होता. उत्तर दिले ते महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने. ती म्हणाली, “सर, समर्थांच्या करुणाष्टकांतले मन ‘अचपळ’ आहे. तिथे अचपळ म्हणजे शांत असा अर्थ कोणी करतो का?” करत नाही, तिथे अचपळ म्हणजे अतिशय चंचल. म्हणजे मराठीत शब्दाआधी आलेला ‘अ’ दर वेळी नकारच आणतो असे नाही, आणि काकूंच्या ‘अपरोक्ष’ला भाषेत सोबती आहे. सर काही वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी स्वतःच ती नोंद आमच्या बैठकीच्या वहीत लिहिली. निर्णय असा झाला, की बोलण्यातला हा वापर चूक म्हणता येणार नाही. पण एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ जिवंत असल्यामुळे अर्जात, करारात किंवा इतिवृत्तात तो वापरू नये, तिथे ‘पाठीमागे’ किंवा ‘अनुपस्थितीत’ लिहावे.

निकालासाठी आम्ही तीनच खुणा ठेवल्या आहेत: रूढ, दुहेरी (‘अपरोक्ष’सारखे दोन अर्थ जिवंत असलेला) आणि चूक. ‘शास्त्राद् रूढिर्बलीयसी’ हे वचन वादात कोणी ना कोणी काढतोच, आणि ते पुष्कळदा योग्यही असते. राग म्हणजे संस्कृतात प्रेम, आसक्ती, मराठीत संताप. शिक्षा म्हणजे शिकवण, मराठीत दंड. चेष्टा म्हणजे हालचाल, प्रयत्न, मराठीत थट्टा. हे अर्थ मागे फिरवायला जाणे निरर्थक आहे. मग ‘चूक’ कशाला म्हणायचे? माझे मत असे आहे, की नवा वापर भाषेत काही भर घालत असेल तर त्याला जागा द्यावी, पण तो आपल्याला लागणारा एखादा फरकच पुसून टाकत असेल, तर मात्र नेटाने विरोध करावा.

‘संभावित’ हा त्याचा नमुना. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या चौतिसाव्या श्लोकात संभावित म्हणजे ज्याचा लोक मान राखतात असा माणूस, आणि मराठीतही ‘संभावित गृहस्थ’ त्याच अर्थाने आला. पुढे ‘संभावितपणाचा आव’ या प्रयोगात त्याला दिखाऊ सभ्यतेची छटाही मिळाली. आता बातम्यांत ‘संभावित उमेदवारांची यादी’ येते. तो हिंदीतला अर्थ आहे, आणि त्यासाठी मराठीत ‘संभाव्य’ हा शब्द आधीपासून आहे. नव्या वापराने भर काहीच पडत नाही, आणि दिखाऊ सभ्यता नेमकी सांगणारा एक शब्द मात्र हातचा जातो. म्हणून आमच्या वहीत त्यापुढे ‘चूक’ आहे, आणि ती खूण बदलू नये यासाठी मी प्रत्येक वेळी बोलतो.

कधी एकाच शब्दाचे रूप आणि अर्थ यांचे दोन निकाल द्यावे लागतात. पुराणांत कथा सांगणारा सूत बोलू लागला की ‘सूत उवाच’ असे येते. संस्कृत व्याकरणाने तिथे विसर्गाचा लोप झाल्यावर पुढे संधी होत नाही, म्हणून ‘सूतोवाच’ हे रूप नियमाबाहेरचे आहे. पण मराठीने ते केव्हाच आपले केले, तेव्हा रूप रूढ. अर्थाला मात्र जपावे. येऊ घातलेल्या गोष्टीचा पहिला उल्लेख म्हणजे सूतोवाच. योजना जाहीर होऊन, अंमलात येऊनही गेल्यावर कोणी तिच्याबद्दल बोलले, तर ते नुसते बोलणे होय.

काही पथ्ये थोडक्यात सांगतो. वय आणि पदवी हा पुरावा धरू नये. वाक्य आणि नोंद हाच पुरावा. वादाचा शब्द चिठ्ठीतून यावा, पाहुण्याच्या बोलण्यातून उचलू नये, कारण कोणाचे बोलणे मध्येच तोडून दुरुस्त करणे हा अपमान आहे. आणि प्रदेशाचा शब्द कधीही ‘चूक’ या खुणेखाली जात नाही. विदर्भातून आलेल्या वहिनी कोथिंबिरीला ‘सांभार’ म्हणतात, तेव्हा त्या त्यांच्या घरचे नेमके मराठी बोलत असतात. पुण्याच्या कानाला दुसरेच काही ऐकू आले, तर ते पुण्याने शिकून घ्यावे.

एका मोहापासून मात्र विशेष जपावे, तो म्हणजे गोड व्युत्पत्तीचा. मंगलाष्टकांच्या शेवटी ‘ताराबलं चंद्रबलं तदेव’ म्हणतात, त्या क्षणी मांडवात एकच धावपळ उडते, म्हणून ‘तारांबळ’ हा शब्द आला, असे पुण्यात अनेक जण सांगतात. गोष्ट इतकी जुळते की ऐकणारा लगेच मान डोलावतो. अशा वेळी जुळणे हा पुरावा नसतो. त्या दोन्हींच्या मधल्या अवस्थेतले एखादे जुने वाक्य कोणी दाखवले, तरच निकाल द्यावा. तोवर वहीत शब्दापुढची जागा कोरी ठेवावी, त्याखाली तारीख आणि सांगणाऱ्याचे म्हणणे लिहावे, आणि पुढे जो कोणी असे वाक्य शोधून आणील त्याला पुढच्या बैठकीचा शब्द निवडण्याचा मान द्यावा. आमच्या वहीत ‘तारांबळ’पुढची जागा अजून कोरी आहे.