नेट बंद, गाडी चालू: एकट्याने खेळायला रेसिंग सिम्युलेटर कसा निवडावा

‘सगळ्यात खरं फिजिक्स कुठल्या गेममध्ये आहे?’ या प्रश्नाने शोध सुरू झाला की गाडी हमखास चुकीच्या रस्त्याला लागते. आज नावाजलेल्या बहुतेक सिम्युलेटरांत टायर, सस्पेन्शन, वजनाची हालचाल हे सगळं पुरेसं चांगलं आहे. एकट्याने खेळणाऱ्याला रोज भिडणारे प्रश्न वेगळेच असतात: इंटरनेट नसताना गेम उघडतो का, समोरच्या एआय (संगणकच चालवतो त्या) गाड्या माणसासारख्या लढतात का, आणि आपल्याला जसं चालवायचंय तसं तिथे चालवता येतं का. याच क्रमाने तपासत जा.

आधी नेटचा हिशेब

‘सिंगल प्लेयर’ असं पानावर लिहिलंय म्हणजे गेम ऑफलाइन चालतो, असं धरून चालू नका. २०१४ सालचा ‘द क्रू’ एकट्याने खेळता यायचा, पण सगळा कारभार सर्व्हरवर होता. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि विकत घेतलेला गेम कुणालाच उघडता येईना. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ मध्ये करिअरचा बहुतेक भाग नेटला बांधलेला आहे. मार्च २०२२ मध्ये एका अपडेटनंतर सर्व्हर दिवसभराहून जास्त वेळ बंद राहिले, तेव्हा एकट्याने खेळणारेही हात चोळत बसले. ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ २०२३ मध्ये आला तोही करिअरसाठी नेट मागतच. ‘डर्ट रॅली २.०’ मध्ये स्वतःच्या संघाचं करिअर नेटशिवाय पुढे सरकत नाही. ‘आयरेसिंग’ एआयशी खेळायलाही लॉगिन मागतो, वर वर्गणी आहेच. ऑफलाइनवाल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, मग तो कितीही नावाजलेला असो.

उलट उदाहरणही आहे. ‘ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट’चे सर्व्हर ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाले, पण त्याआधी अपडेट देऊन एकट्याने खेळायचा भाग ऑफलाइन मोकळा केला. असं शहाणपण प्रत्येक कंपनी दाखवेलच असं नाही, म्हणून खरेदीच्या वेळीच खात्री करा.

गाड्यांच्या आणि ट्रॅकच्या लायसन्सची मुदत संपली की गेम दुकानातूनच उतरतो. ‘प्रोजेक्ट कार्स २’ सप्टेंबर २०२२ मध्ये असाच विक्रीतून गेला. ज्यांनी आधी घेतला होता त्यांच्याकडे तो राहिला. खरोखर आवडलेला गेम ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून लांबणीवर टाकू नये, त्याचं हे कारण.

स्टीमवर (संगणकाचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात) गेमच्या पानाच्या उजव्या बाजूला बारीक अक्षरांतल्या चौकटी असतात. ‘दुसऱ्या कंपनीचं खातं लागेल’ किंवा ‘बाहेरचं डीआरएम (नक्कल रोखणारं कुलूप) आहे’ अशा अर्थाचं काही तिथे दिसलं, तर ऑफलाइन अडचण येण्याची शक्यता धरूनच चाला.

दोन तासांची परीक्षा

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांहून कमी खेळलेला गेम परत करता येतो. डाउनलोडचा वेळ यात धरत नाहीत, पण मेनूत रेंगाळलेला वेळ धरतात. त्यामुळे व्हीलचं (खेळायच्या स्टिअरिंगचं) ड्रायव्हर सॉफ्टवेअर, पेडलची जुळणी, खुर्चीची मांडणी गेम उघडण्याआधी उरका. मग असं करा:

१. नेट चालू असताना गेम एकदा उघडा, बटणं नेमा, तीन लॅपची छोटी रेस लावा आणि बाहेर पडा.

२. स्टीमच्या मेनूतून ऑफलाइन व्हा. वर वाय-फायही बंद करा, लॅनची वायर असेल तर ओढून काढा.

३. गेम पुन्हा उघडा. करिअर किंवा चॅम्पियनशिपमध्ये जा, एक रेस पूर्ण करा, गेम बंद करा, परत उघडा. निकाल आणि गुण जागेवर आहेत का ते बघा. कुठलंही बटण राखाडी दिसलं किंवा गेम ‘कनेक्ट होत आहे’ म्हणत बसला, तर पुढे वेळ घालवू नका, परत करा.

४. इथवर अर्धापाऊण तास गेलेला असेल. उरलेला वेळ फक्त एआयला द्या. नवीन गाड्यांचे रंग बघत बसायला नंतर आयुष्य पडलंय.

एआय: इथेच गेम ठरतो

ऑनलाइन खेळणाऱ्याला प्रतिस्पर्धी माणसं मिळतात, तुम्हाला मिळणार ती एआय. ती कंटाळवाणी निघाली तर उत्तम फिजिक्सही महिनाभरात धूळ खातं. ओळखीची एक गाडी आणि ओळखीचा एक ट्रॅक घ्या. इटलीतला मोंझा उत्तम. तिथे सुरुवातीच्या लांब सरळ रस्त्यावरून गाड्या पूर्ण वेगात येतात आणि पहिल्या शिकेनला (लागोपाठच्या डाव्या-उजव्या वळणाला) एकदम हळू व्हावं लागतं. एआयचे सगळे दोष या एका जागी उघडे पडतात.

एकट्याने १० लॅप मारा, टाकीत रेसइतकंच पेट्रोल ठेवून. सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट लॅप काढून टाका, उरलेल्या आठांची सरासरी काढा. एआयची लॅप त्या सरासरीच्या जवळ येईल अशी एआयची ताकद (तिचा वेग ठरवणारा सेटिंगमधला आकडा) ठेवा. आपल्या सगळ्यात चांगल्या लॅपवर ताकद बेतली की रेसमध्ये सतत मागे पडायला होतं, कारण तशी लॅप आपल्याला प्रत्येक फेरीत जमत नाही. ‘ऑटोमोबिलिस्टा २’ मध्ये ताकद ७० पासून १२० पर्यंत जाते. ९० पासून सुरुवात करून दोन-दोनने वर चढा. ‘असेटो कोर्सा’मध्ये १०० हा माथा आहे. एका ट्रॅकवर जुळलेला आकडा दुसऱ्या ट्रॅकवर बसेलच असं नाही, गाडी बदलली तरी तेच. आकडे वहीत टिपून ठेवा. पाऊस असेल तर वेगळा आकडा, कारण ओल्या रस्त्यावर तुमचा वेग आणि एआयचा वेग सारख्या प्रमाणात उतरत नाहीत.

आता पाच लॅपची रेस लावा आणि मुद्दाम मधोमध उभे राहा. पहिल्या लॅपला शिकेनच्या आधी मागची गाडी ब्रेक लावते की तुमच्या बंपरवर येऊन आदळते? तुम्ही आतल्या बाजूने अर्धी गाडी घातलीत तर ती जागा सोडते की तुम्ही तिथे नाहीच अशा थाटात वळण बंद करते? तिच्या हातून कधी चूक होते का, चाक गवतात जातं का? पिटमध्ये (टायर-पेट्रोलच्या थांब्यावर) सगळ्या एकाच लॅपला घुसतात का? यातलं दुसरं सगळ्यात महत्त्वाचं. शेजारी असलेली गाडी ज्या एआयला ‘दिसते’, तिच्याशी तासन्‌तास लढायला मजा येते.

सगळ्या गाड्या एकामागोमाग आगगाडीसारख्या फिरत असतील तर सगळ्यांना एकच ताकद दिलेली असते. ताकदीत थोडा फरक ठेवायची सोय असेल तर तो ठेवा. आक्रमकपणाची पट्टी शून्यावर असेल तर एआय मागे रांग लावून बसते, फार वर नेली तर धडकत सुटते. खालून एक तृतीयांशाच्या आसपास सुरू करून चाचपत जा.

कोणाला काय

पहिला आणि एकच घ्यायचा असेल तर ‘असेटो कोर्सा’. इटलीच्या कुनोस सिम्युलाझिओनीने २०१४ मध्ये आणलेला हा गेम साध्या ग्राफिक्स कार्डवरही चालतो, ऑफलाइन निर्धास्त उघडतो, आणि सेलमध्ये अल्टिमेट आवृत्तीची किंमत बरीच खाली येते. घ्यायची तर अल्टिमेटच, कारण २० किलोमीटरहून लांब असलेली नॉर्डश्लाइफ (जर्मनीतला ट्रॅक) त्यातच येते. मूळ करिअर मात्र नीरस आहे आणि मूळ मेनू त्याहून. म्हणून घेतल्या घेतल्या ‘कंटेंट मॅनेजर’ आणि ‘कस्टम शेडर्स पॅच’ ही चाहत्यांची जोड-सॉफ्टवेअर बसवा. मेनू सुधारतो, रात्र मिळते, एआयच्या ताकदीत फरक ठेवता येतो. हे डाउनलोड करायला एकदाच नेट लागतं.

मॉडच्या, म्हणजे चाहत्यांनी बनवून गेममध्ये घालायच्या, ट्रॅकमध्ये एक खोच आहे. ट्रॅकच्या फोल्डरमध्ये ‘एआय’ नावाचा फोल्डर असतो आणि त्यात ‘फास्ट लेन’ नावाची फाइल. एआय गाडी कुठून जायचं ते याच फाइलमधून वाचते. ती नसेल तर ट्रॅक कितीही सुंदर असो, एआयबरोबर रेस होणार नाही. एकट्याने लॅप मारण्यापुरताच तो उपयोगी. ट्रॅकचे अनेक नकाशे असतील तर प्रत्येक नकाशाच्या फोल्डरमध्ये ही फाइल वेगळी हवी. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली, तोही इथे मॉड म्हणून मिळतो. उतरवल्यावर आधी हा फोल्डर उघडून बघा.

रेस चालू असताना ‘सीपीयू ऑक्युपन्सी ९९ टक्क्यांवर’ अशी सूचना आली तर दोष ग्राफिक्सचा नसतो. प्रोसेसरला इतक्या गाड्यांचं फिजिक्स पेलत नाही. रिझोल्यूशन कमी करून उपयोग नाही. एआय गाड्या २४ वरून १४ वर आणा.

रेस वीकेंड, चॅम्पियनशिप, बदलतं हवामान आणि जुन्या काळच्या गाड्या हव्या असतील तर ब्राझीलच्या रेइझा स्टुडिओचा ‘ऑटोमोबिलिस्टा २’ घ्या. ऑफलाइन रेससाठी हा मनापासून सुचवावा असा गेम आहे. ब्राझीलच्या स्टॉक कारपासून छोट्या कार्टपर्यंत सगळं एका छताखाली, इंटरलागोसची जुनी लांब आखणीसुद्धा. सगळे जोडपॅक एकदम घेऊ नका. मूळ गेममध्येच वर्षभराचा खुराक आहे.

फक्त जीटी थ्री गाड्याच (स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेसच्या गाड्या) आवडत असतील, तर ‘असेटो कोर्सा कॉम्पेतित्सिओने’. पाऊस, रात्र आणि ब्रेक-टायरचं तापमान इथे फार बारकाईने सांभाळलंय. पण मशीन दणकट लागतं, आणि एकाच जातीच्या गाड्यांचा कंटाळा येणार असेल तर पैसे वाचवा.

एआयच नको असेल तर रॅलीकडे वळा. तिथे लढाई घड्याळाशी असते, त्यामुळे एआयचा दोष उरतच नाही. ‘रिचर्ड बर्न्स रॅली’ २००४ चा आहे, आता दुकानात मिळत नाही, तरी चाहत्यांनी नवं फिजिक्स आणि शेकडो स्टेज (रॅलीचे टप्पे) घालून तो जिवंत ठेवलाय. कठीण आहे. त्यातली रॅली शाळा पूर्ण केल्याशिवाय स्टेजला हात लावू नका, डाव्या पायाने ब्रेक मारणं तिथेच बसतं.

आणि रेस वगैरे काही नको, निवांत गाडी चालवायचीय, आपटली तर पत्रा खरोखर चेपलेला बघायचाय, अशांसाठी ‘बीमएनजी ड्राइव्ह’.

निकाल द्यायच्या आधी ही तीन सेटिंग नीट करा

अर्ध्याहून जास्त वेळा ‘गेम वाईट’ असं वाटतं ते चुकीच्या सेटिंगमुळे. पहिलं, फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर किती अंशांचं दृश्य दिसतं तो कोन. स्क्रीनची उंची मोजा, तिला डोळ्यापासूनच्या अंतराच्या दुपटीने भागा, आलेल्या संख्येचा व्यस्त टॅन्जंट काढून दुप्पट करा. २४ इंची स्क्रीनची उंची साधारण ३० सेंटिमीटर. डोळे ६० सेंटिमीटरवर असतील तर उभा कोन २८ अंश येतो. आकडा लहान वाटेल, पण त्याहून फार मोठा ठेवलात की वळण खरं आहे त्यापेक्षा दूर दिसतं आणि ब्रेक चुकतो. काही गेम उभा कोन मागतात, काही आडवा. याच मांडणीत आडवा सुमारे ४८ येतो. दोन्हींची अदलाबदल झाली तर चित्र विचित्र दिसतं.

दुसरं, व्हील. लॉजिटेकच्या जी-२९ किंवा जी-९२३ ला ड्रायव्हरमध्ये ९०० अंश ठेवा, आपोआप मध्यावर आणणारी स्प्रिंग बंद करा, गेममध्येही ९०० सांगा. मध्यभागी व्हील सैल वाटत असेल तर किमान फोर्स (व्हीलचा हाताला जाणवणारा कमीत कमी जोर) ५ ते १० टक्के द्या. डायरेक्ट ड्राइव्ह (थेट मोटरला जोडलेल्या) व्हीलला तो शून्यच ठेवायचा, नाहीतर सरळ रस्त्यावर ते थरथरतं. ‘असेटो कोर्सा’त पेडलचं छोटं अ‍ॅप स्क्रीनवर लावा: फोर्सची राखाडी पट्टी वेगवान वळणात सतत लाल होत असेल तर गेन (एकूण जोराची पातळी) उतरवा. लाल म्हणजे मोटर आधीच टोकाला गेली आहे. मग पुढचा टायर सुटतोय हे हाताला कळणारच नाही.

तिसरं, बैठक. जोरात ब्रेक मारला की चाकांची खुर्ची मागे जाते आणि पेडल पुढे सरकतात, मग ब्रेक दर वेळी वेगळा लागतो. पेडल भिंतीला टेकवा, खुर्ची बिनचाकांची घ्या. महागड्या पेडलआधी हे फुकटातलं करून बघा.

गावी जायच्या आधी

नेट नसलेल्या ठिकाणी संगणक नेणार असाल तर आदल्या दिवशी सगळे अपडेट उतरवा, प्रत्येक गेम एकदा चालू करून बंद करा, मगच स्टीम ऑफलाइन करा. अर्धवट अपडेट राहिलेला गेम ऑफलाइन उघडत नाही. मॉडवाल्या गेमला ‘सुरू करतानाच अपडेट’ हा पर्याय ठेवा आणि मॉडच्या मूळ झिप फाइल वेगळ्या डिस्कवर साठवा, कारण दुवे मरतात. ‘असेटो कोर्सा’चे सेटअप आणि कंट्रोलच्या फाइल डॉक्युमेंट्समधल्या त्याच नावाच्या फोल्डरात असतात. गेमच्या फोल्डरची प्रत घेताना तो आपण हमखास विसरतो.