उजळाईवाडीहून निघताना ऐनवेळची खरेदी

कांदा-लसूण मसाला आणि गूळ न्यायचा असेल, तर ती खरेदी आदल्या दिवशी कोल्हापूर शहरातच उरकावी. उजळाईवाडीच्या विमानतळावर पाणी, बिस्किटे, चिवडा, फार तर चार्जिंगची वायर, एवढ्याचीच अपेक्षा ठेवावी. मसाला चेक-इनच्या बॅगेत दुहेरी पिशवीत घट्ट बांधून ठेवावा, कारण मिरचीपूड केबिन बॅगेत आढळली तर सुरक्षा तपासणीत ती काढून ठेवायला लावतात, आणि आईने बांधून दिलेली पुडी तिथे सोडून येणे फार जिवावर येते. पॉवर बँकेचे याच्या नेमके उलट आहे: ती चेक-इनमध्ये चालत नाही, जवळच बाळगावी लागते. रिकामी बाटली घरूनच घ्यावी आणि तपासणीनंतर भरावी.

दुकानात पाकीट उलटून छापील किंमत अवश्य पाहावी. 1 जानेवारी 2018 पासून एकाच पाकीटबंद वस्तूवर ठिकाणानुसार वेगवेगळी कमाल किरकोळ किंमत छापता येत नाही, त्यामुळे छापील आकड्याहून जास्त पैसे मागितल्यास नम्रपणे, पण ठामपणे बिल मागावे. ताज्या चहा-वड्याला हा नियम लागू होत नाही, म्हणून त्यांचा दर आधीच विचारावा.