टेस्ट हिरव्या, व्हील रिकामं

गिट येतं, पायटेस्ट चालवता येतं, गिटहबवर रेपो सगळ्यांसाठी उघडा आहे आणि आता टॅग मारला की पॅकेज आपोआप पायपीआयवर, म्हणजे पायथनच्या सार्वजनिक पॅकेज-भांडारावर, जावं एवढीच इच्छा उरली आहे, अशांसाठी हे आहे. व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट म्हणजे काय, इथपासून सुरुवात करत नाही.

उदाहरणाला एक छोटं पॅकेज घेऊ. नाव ‘स्थानक’. काम एकच: ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर मार्गावरची स्थानकं क्रमाने देणं. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. नऊ नावं, एका सीएसव्ही फाइलीत. दिघा गाव जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, म्हणून त्याआधीच्या याद्यांत आठच नावं सापडतील. असा बदल आला की डेटा बदलायचा, टेस्ट चालवायच्या, नवी आवृत्ती सोडायची. काम इतकं साधं आहे आणि तरी यात माणूस आठवडाभर अडकतो.

अडकायची मुख्य जागा आधी सांगतो, कारण बाकी सगळ्या चुका लॉगमध्ये लाल दिसतात. ही दिसत नाही.

रेपोच्या मुळाशी ‘स्थानक’ फोल्डर आहे, शेजारी ‘टेस्ट्स’ फोल्डर. तुम्ही पायटेस्ट चालवता, सगळं हिरवं. गिटहब अ‍ॅक्शन्सवर, म्हणजे गिटहबच्या मशीनवर आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीवर, तेच चालवता, तिथेही हिरवं. रिलीज होते. मग कोणीतरी पिपने पॅकेज घेतो आणि पहिल्याच ओळीला ‘फाइल सापडली नाही’. कारण टेस्टनी व्हीलमधलं, म्हणजे पिप उतरवतो त्या तयार गठ्ठ्यातलं, पॅकेज कधी बघितलंच नव्हतं. त्यांनी शेजारचं फोल्डर इम्पोर्ट केलं होतं. त्या फोल्डरात सीएसव्ही आहे, व्हीलमध्ये नाही.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या, नाहीतर उपाय पाठ होईल आणि दुसऱ्या रेपोत पुन्हा तेच होईल. ‘पायथन -एम पायटेस्ट’ असं चालवलं की चालू फोल्डर पायथनच्या शोधयादीत जातं. नुसतं ‘पायटेस्ट’ म्हटलं म्हणून सुटका होत नाही. त्याची नेहमीची इम्पोर्ट पद्धत टेस्ट फाइलीपासून वर चढत जाते, ज्यात इनिट फाइल नाही असं पहिलं फोल्डर शोधते आणि ते यादीच्या डोक्यावर ठेवते. तुमच्या ‘टेस्ट्स’मध्ये कोणाच्या तरी सवयीने रिकामी इनिट फाइल पडलेली असेल, तर ते पहिलं फोल्डर म्हणजे रेपोचं मूळ. झालं. तुम्ही आधी पॅकेज इन्स्टॉल केलं असलं तरी इम्पोर्ट मात्र शेजारच्या फोल्डरातून होणार. एडिटेबल इन्स्टॉल, म्हणजे ‘पिप इन्स्टॉल -ई’, केलं असेल तर व्हीलशी गाठ पडायचा प्रश्नच नाही. ते सोर्सकडेच बोट दाखवतं.

आणि सीएसव्ही व्हीलमध्ये का नाही? सेटअपटूल्स या पॅकेज बांधणाऱ्या साधनात पायप्रोजेक्ट ही सेटिंगची फाइल वापरली की ‘इन्क्लूड पॅकेज डेटा’ मुळातच चालू असतं. हे वाचून नवशिका निर्धास्त होतो. पण ते चालू असण्याचा अर्थ एवढाच की मॅनिफेस्ट फाइलीत नोंदलेल्या, किंवा गिटकडून यादी घेणाऱ्या प्लगइनने सांगितलेल्या डेटा फाइली घेतल्या जातील. दोन्ही नसेल तर फक्त पायथनच्या फाइली जातात. सोपा मार्ग म्हणजे पायप्रोजेक्टमध्ये ‘पॅकेज डेटा’ या सदराखाली पॅकेजचं नाव आणि सीएसव्हीचा नमुना स्पष्ट लिहिणं. हॅचलिंग हे दुसरं साधन वापरणाऱ्यांचा खड्डा वेगळा: ते पॅकेजमधल्या फाइली आपणहून घेतं, पण गिटइग्नोरमध्ये जे आहे ते वगळतं. सीएसव्ही एखाद्या स्क्रिप्टने तयार होत असेल आणि तुम्ही ती शिस्तीने गिटइग्नोरमध्ये टाकली असेल, तर त्या शिस्तीपायी ती व्हीलमधूनही जाते.

तपासायला एक मिनिट लागतं. ‘पायथन -एम बिल्ड’ चालवा. ‘डिस्ट’ फोल्डरात दोन वस्तू येतील, एसडिस्ट (सोर्सचा गठ्ठा) आणि व्हील. व्हील ही साधी झिप असते. ‘पायथन -एम झिपफाइल -एल’ आणि पुढे व्हीलचं नाव दिलं की आतली यादी दिसते. सीएसव्ही डोळ्यांनी बघा. मग नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट करा, व्हील इन्स्टॉल करा, रेपोतून बाहेर पडून दुसऱ्याच फोल्डरात जा आणि नऊ नावं येतात का बघा. बाहेर पडणं महत्त्वाचं. कोडमध्ये ‘डेटा/स्थानके.सीएसव्ही’ असा सापेक्ष पत्ता लिहिला असेल तर तोही इथेच पकडला जातो, कारण तो पत्ता चालू फोल्डरपासून मोजतात, पॅकेजपासून नाही. त्याऐवजी प्रमाण लायब्ररीतलं ‘इम्पोर्टलिब रिसोर्सेस’ वापरा.

कायमचा उपाय दोन तुकड्यांत आहे. पॅकेजचं फोल्डर ‘एसआरसी’ नावाच्या फोल्डरात हलवा, म्हणजे ते चुकून इम्पोर्ट होणार नाही. आणि अ‍ॅक्शन्समध्ये बिल्ड सगळ्यात आधी ठेवा. पहिला जॉब व्हील बनवून आर्टिफॅक्ट म्हणून, म्हणजे पुढच्या जॉबना मिळेल अशी फाइल म्हणून, वर चढवेल. दुसरा जॉब तेच आर्टिफॅक्ट उतरवेल, इन्स्टॉल करेल आणि टेस्ट चालवेल. तिसरा जॉब तेच, पुन्हा न बांधता, पायपीआयवर पाठवेल. रिलीजच्या जॉबमध्ये पुन्हा बिल्ड करणारे रेपो ढिगाने दिसतात. तिथे तपासलेली वस्तू एक आणि पाठवलेली दुसरी असते.

एक बारीक गोष्ट. विंडोजच्या रनरवर, म्हणजे जॉब ज्या मशीनवर चालतो तिथे, नेहमीचं शेल पॉवरशेल असतं आणि ते पिपला ‘डिस्टमधली कुठलीही व्हील’ असा तारांकित नमुना उलगडून देत नाही. त्या पायरीला ‘शेल: बॅश’ लिहा. यावर संध्याकाळ घालवू नका.

विंडोजचा विषय निघालाच आहे तर मराठी मजकूर हाताळणाऱ्यांनी इथे थांबावं. पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग दिलं नाही, तर लिनक्सवर सहसा यूटीएफ-८ धरलं जातं आणि इंग्रजी मांडणीच्या विंडोजवर सीपी-१२५२. आपल्या नऊ नावांचं काय होतं बघा. ‘ठाणे’च्या प्रत्येक बाइटला सीपी-१२५२ मध्ये काही ना काही चिन्ह आहे, म्हणून ते नाव कचरा होऊन निमूट आत येतं. ‘दिघा गाव’चंही तेच. ‘ऐरोली’ला मात्र गाडी अडते: ‘ऐ’ या अक्षराचा शेवटचा बाइट ९० आहे, हेक्समध्ये, आणि त्या जागी सीपी-१२५२ मध्ये काहीच नाही. पायथन ‘युनिकोड डिकोड एरर’ देतो. ऱ्हस्व उकार आणि पायमोडका हलन्त यांचीही तीच गत, म्हणून ‘तुर्भे’ही फुटलं असतं. आता समजा टेस्टची छोटी फाइल करताना तुम्ही फक्त ‘ठाणे’ आणि ‘वाशी’ घेतलीत आणि ‘दोन नावं आली का’ एवढंच तपासलंत. टेस्ट पास. नावांच्या जागी चिन्हांचा चिवडा आहे, आणि टेस्ट पास.

म्हणून टेस्टमध्ये संख्या मोजू नका, मजकूर ताडून बघा. प्रत्येक ठिकाणी एन्कोडिंग यूटीएफ-८ असं लिहा. राहिलेल्या जागा शोधायला पायथन ३.१० पासून एक सोय आहे: ‘-एक्स वॉर्न डिफॉल्ट एन्कोडिंग’ लावून चालवलं की एन्कोडिंग न देता उघडलेल्या प्रत्येक फाइलीवर इशारा मिळतो. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच सगळीकडे गृहीत धरायचं ठरलं आहे, पण तुमचे वापरकर्ते जुन्या आवृत्त्यांवर बरीच वर्षं राहतील. अ‍ॅक्शन्समध्ये ‘पायथनयूटीएफ८’ हे व्हेरिएबल १ करून टेस्ट हिरव्या करायचा सल्लाही मिळेल. घेऊ नका. ते व्हेरिएबल तुमच्या रनरवर आहे, वापरकर्त्याच्या लॅपटॉपवर नाही. दोष तसाच राहतो, फक्त तुम्हाला दिसेनासा होतो.

‘ऱ्या’बद्दलही सावध राहा. ‘दऱ्या’ हा शब्द नुक्तावाल्या ‘ऱ’ला हलन्त जोडूनही लिहिता येतो आणि साध्या ‘र’नंतर हलन्त व जोडणारं अदृश्य चिन्ह घालूनही. पडद्यावर दोन्ही सारखे, बाइट वेगळे, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही. ताडून बघण्याआधी ते तुम्हालाच एका रूपात आणावं लागतं.

मॅट्रिक्सचं, म्हणजे त्याच टेस्ट अनेक आवृत्त्यांवर आणि सिस्टिमवर चालवण्याचं, फार कौतुक नको. ३.१० ते ३.१४ या पाच आवृत्त्या लिनक्सवर, आणि विंडोज व मॅकवर फक्त सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी. नऊ जॉब होतात, नऊ स्थानकांसारखे. उघड्या रेपोला नेहमीचे रनर फुकट असतात, पण पाचही आवृत्त्या तिन्हीकडे चालवून पंधरा जॉबांची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. इतक्या छोट्या पॅकेजच्या टेस्ट ठाण्याला गाडीत बसताना पुश केल्या तर घणसोलीच्या आत संपायला हव्यात. नसतील तर कुठलीतरी टेस्ट नेटवर्कवर जाते आहे. वर्कफ्लो ज्यात लिहितात त्या यॅमल फाइलीत आवृत्त्या अवतरणचिन्हांत लिहा. ३.१० नुसतं लिहिलं तर यॅमल ती दशांश संख्या समजतं, शेवटचं शून्य गळतं आणि रनर पायथन ३.१ शोधत बसतो. ‘फेल फास्ट’ बंद करा, नाहीतर एक जॉब पडला की बाकीचे रद्द होतात आणि दोष फक्त विंडोजवर आहे की सगळीकडे, ते कळतच नाही.

आता तयार यॅमलविषयी. मोठ्या प्रकल्पातून दोनशे ओळींची फाइल उचलणं, किंवा एआयकडून लिहून घेणं, हा पहिल्या दिवशीचा शॉर्टकट दहाव्या दिवशी महाग पडतो. पंचवीस ओळींची स्वतःची फाइल घ्या आणि एकेक पायरी वाढवा. मार्गदर्शकाचंही तसंच. फाइल पाठवून ‘ही टाक, चालेल’ म्हणणारा मार्गदर्शक नसलेला बरा. शेजारी बसून लाल लॉग पहिल्या चुकीपर्यंत वर सरकवायला लावणारा मिळाला तर सोडू नका. आणि लाल खुणांनी घाबरू नका. पहिली रिलीज साखळी बसवताना वीस-तीस कमिट ‘यॅमल दुरुस्त’, ‘पुन्हा यॅमल दुरुस्त’ असे होतात. सगळ्यांचे होतात. नंतर ते एकत्र करून टाका.

रिलीजकडे वळू. पायपीआयचं टोकन रेपोच्या सीक्रेटमध्ये ठेवायची पद्धत जुनी झाली. एप्रिल २०२३ पासून ‘ट्रस्टेड पब्लिशिंग’ आहे. गिटहब स्वतःची ओळख पटवतो आणि पायपीआय थोड्या वेळापुरतं टोकन देतं. पायपीआयवर चार गोष्टी भरायच्या: रेपोचा मालक, रेपोचं नाव, वर्कफ्लो फाइलीचं नाव आणि गिटहबवरच्या एन्व्हायर्न्मेंटचं नाव (व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट नव्हे). फाइलीचं फक्त नाव, आधीचा मार्ग नाही. यातलं एक अक्षर जुळलं नाही तर ‘इनव्हॅलिड पब्लिशर’ येतं, आणि पुढे कधी फाइलीचं नाव बदललंत तरी तेच येतं. प्रकल्प अजून पायपीआयवर नसेल तर ‘पेंडिंग पब्लिशर’ म्हणून नोंद करता येते, पण तिने नाव राखून ठेवलं जात नाही. पहिली फाइल चढेपर्यंत ते कोणीही घेऊ शकतं.

‘आयडी टोकन: राइट’ ही परवानगी फक्त पाठवणाऱ्या जॉबला द्या, पूर्ण फाइलीला नाही. तो जॉब लिनक्सवर चालवा, नेहमीची पब्लिश अ‍ॅक्शन तिथेच चालते. एन्व्हायर्न्मेंटला मंजुरी देणारा माणूस जोडा. टॅग मारल्यावरही कोणीतरी बटण दाबेपर्यंत काही जात नाही, आणि ही सोय उघड्या रेपोला फुकट आहे. ‘सगळं आपोआप हवं’ म्हणणारे हिला नाक मुरडतात. मुरडू देत.

आवृत्तीचा आकडा सुरुवातीला हातानेच लिहा, आणि टॅग व पायप्रोजेक्टमधला आकडा जुळतो का हे बघणारी एक पायरी बिल्डच्या आधी टाका. टॅगवरून आकडा काढणारं सेटअपटूल्स-एससीएम नंतर आणा. आणाल तेव्हा चेकआउटला ‘फेच डेप्थ: ०’ द्या. एरवी ब्रँचवरच्या रनमध्ये एकच कमिट येतो, जुने टॅग येत नाहीत, आणि आवृत्ती ०.१ च्या डेव्ह रूपात, मागे अधिक चिन्ह व कमिटचा हॅश लागून निघते. अधिक चिन्हाची आवृत्ती पायपीआय घेत नाही. टॅग दुसऱ्या वर्कफ्लोकडून मारून घेणार असाल तर आणखी एक: गिटहबच्या आपोआप मिळणाऱ्या टोकनने ढकललेला टॅग नवा वर्कफ्लो सुरू करत नाही. चूक दिसत नाही, लॉग नाही, नुसती शांतता. टॅग स्वतःच्या हाताने ढकला.

सराव ‘टेस्ट पायपीआय’ या सरावासाठीच्या वेगळ्या साइटवर करा. खातं वेगळं काढावं लागतं. तिथून इन्स्टॉल करताना ‘नो डेप्स’ लावा आणि लागणारी पॅकेजेस आधी खऱ्या पायपीआयवरून घ्या. दोन्ही ठिकाणांहून एकदम उचलायला सांगितलं, तर टेस्ट पायपीआयवर कोणीही त्याच नावाने काहीही ठेवलेलं असू शकतं.

सुरक्षेत दोन ठिकाणी हयगय नको. ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ हा ट्रिगर लावून फोर्कमधला कोड चालवू नका. त्याला तुमची सीक्रेट दिसतात. आणि बाहेरच्या अ‍ॅक्शन्स टॅगने नव्हे, पूर्ण कमिट हॅशने बांधा. मार्च २०२५ मध्ये ‘चेंज्ड फाइल्स’ या लोकप्रिय अ‍ॅक्शनचे जुने टॅग वाईट कोडकडे वळवले गेले आणि अनेक रेपोंची सीक्रेट उघड्या लॉगमध्ये छापली गेली. हॅशने बांधलेल्यांचा कोड टॅग हलल्याने बदलला नाही.

एवढं करूनही ०.३.० बिघडलेली गेली, तर ती पुसून त्याच नावाने पुन्हा चढवता येत नाही. पायपीआय एकदा वापरलेलं फाइलनाव परत देत नाही, पुसल्यावरही नाही. ती यँक करा: नेमकी तीच आवृत्ती मागणाऱ्यालाच ती मिळते, बाकीच्यांना पिप वगळून देतं. मग ०.३.१ सोडा. यँकचं कारण लिहायला एक रकाना असतो. त्यात ‘सीएसव्ही व्हीलमध्ये नव्हती’ असं सरळ लिहा.