आकाश पाहायला अंधारी जागा कशी निवडावी

प्रकाशप्रदूषणाच्या नकाशावर बॉर्टल श्रेणी पाहा: १ म्हणजे निखळ काळोख, ९ म्हणजे महानगराचं आकाश. आकाशगंगेचा पट्टा नीट दिसायला ४ किंवा त्याखालची जागा हवी. मात्र नकाशावर पूर्ण विसंबू नका. तो उपग्रहाने वरून टिपलेल्या उजेडावर बेतलेला असतो आणि त्या उपग्रहाला एलईडी दिव्यांचा निळा प्रकाश जवळजवळ दिसतच नाही. शिवाय जागेशेजारचा एकच दिवा सगळी रात्र घालवतो. म्हणून दिवसा एकदा जाऊन खांब, रस्ता, परवानगी बघून या.

दिशा फार महत्त्वाची, आणि नेमकी तीच विसरली जाते. दक्षिणेचं आकाश पाहायचं असेल, तर शहर तुमच्या उत्तरेला हवं. नाहीतर क्षितिजावरची झळाळी नेमके हवे ते तारे गिळते. दरीच्या तळाशी धुकं साचतं, तेव्हा उंचवटा बरा.

अमावास्येच्या आसपास जा. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. मोबाइलची एक झलकही ते बिघडवते, म्हणून मंद लाल टॉर्च वापरा. मग ध्रुवमत्स्याचे, म्हणजे ध्रुवतारा ज्यात आहे त्या तारकासमूहाचे, सातही तारे मोजा. सगळ्यात फिका साधारण ५ व्या प्रतीचा आहे (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितका तारा फिका). तो सहज दिसला, तर जागा चांगली.