अन्ननलिकेतला काळा डाग: एंडोस्कोपीत कर्करोग कसा ओळखावा

अन्ननलिकेत काळपट डाग दिसला की नजर रंगावर खिळते आणि तिथेच निदान चुकते. सपाट काळे डाग बहुधा निरुपद्रवी मेलॅनोसिसचे, म्हणजे अस्तरात साठलेल्या मेलॅनिन या काळपट रंगद्रव्याचे असतात. मेलॅनोमा (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग) दुर्मीळ, आणि मेलॅनिन साठलेला सुरुवातीचा स्क्वॅमस कर्करोगही (अस्तराच्या चपट्या पेशींचा) दुर्मीळच. या स्क्वॅमस कर्करोगात रंग मेलॅनोसाइट या रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींमुळे येतो. रोग असतो अस्तराच्या पेशींत. म्हणून डागाचा पृष्ठभाग आणि कडा पाहायच्या.

आधी सिमेथिकोन (फेस मोडणारे औषध) मिसळलेल्या पाण्याने जागा स्वच्छ धुवा; गोळ्यांचा किंवा कोळशाचा लेप असेल तर सहसा इथेच निघतो. मग बंद फोर्सेप्सने (एंडोस्कोपीतल्या चिमट्याने) हलके दाबून पाहा. निळसर, मऊ, दाबताच बसणारा फुगवटा शिरेचा असतो. त्याची बायोप्सी नको. श्वासनलिका दुभागते त्या पातळीवर आत ओढलेली काळी खळगी दिसली तर शेजारच्या लसिकाग्रंथीतल्या कार्बनचा विचार करा.

मेलॅनोसिस सपाट आणि गुळगुळीत असतो. उंचवटा, खोलगटपणा, दाणेदारपणा किंवा डागाबाहेर पसरलेली लाली दिसली तर संशय घ्या आणि एनबीआय (रक्तवाहिन्या उठून दाखवणारा खास प्रकाश) लावून झूम करा. मेलॅनिनखाली केशवाहिन्या झाकल्या जातात, त्यामुळे गडद मध्यभागी वेळ घालवू नका, फिकट कडेवर पाहा. केशवाहिन्यांच्या रूपावरून रोगाची खोली सांगणाऱ्या जपानी वर्गीकरणातल्या बी1 वाहिन्या रोग लॅमिना प्रोप्रियापर्यंतच (अस्तराच्या लगेच खालचा थर) असल्याचे सुचवतात. बी2 म्हणजे मस्क्युलॅरिस म्यूकोसी (त्याखालचा पातळ स्नायूथर) किंवा सबम्यूकोसाचे (त्याखालच्या थराचे) वरचे 200 मायक्रॉन, बी3 त्याहून खोल.

लुगोल (निरोगी अस्तर तपकिरी रंगवणारे आयोडीनचे द्रावण) सर्वांत शेवटी. आयोडीनची अॅलर्जी आणि थायरॉइडचा आजार आधी विचारा. 1 टक्का द्रावण, 10 ते 20 मिली, जठराच्या सीमेपासून वर येत फवारा. त्याआधीचे फोटो हवेतच: मेलॅनिन तपकिरी, आयोडीनही तपकिरी, त्यामुळे न रंगलेला भाग रंगल्यासारखा भासतो. मेलॅनोसिसमध्ये रंगद्रव्य तळच्या थरात असते. वरच्या पेशींत ग्लायकोजेन (साठवलेली साखर) असल्याने त्या आयोडीन घेतात. कर्करोग घेत नाही, आणि 2-3 मिनिटांत न रंगलेली कड गुलाबी झाली तर संशय पक्का समजा. मेलॅनोमाचे मात्र वेगळे. त्यावर पुष्कळदा निरोगी अस्तर पसरलेले असते, म्हणून रंग घेतला तरी उंचवटा सोडू नका. शेवटी आयोडीन निष्प्रभ करणारे 5 टक्के सोडियम थायोसल्फेट 20 मिली फवारा आणि उरलेला द्रव ओढून घ्या. छातीतली जळजळ कमी होते.

बायोप्सीचे दोनच तुकडे घ्या: एक गडद भागातून, एक न रंगलेल्या कडेतून, वेगळ्या बाटल्यांत. जास्त तुकडे घेतले की खाली व्रण चिकटतो आणि पुढे ईएसडीत (एंडोस्कोपीतून रोगट अस्तर सोलून काढताना) थर सुटत नाही. फॉर्मवर 'काळा डाग' असे स्पष्ट लिहा, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट मेलॅनिनसाठी मॅसन-फोंटाना, लोहासाठी पर्ल्स, मेलॅनोसाइटसाठी एस-100, एचएमबी-45 आणि मेलॅन-ए, स्क्वॅमस पेशींसाठी पी40 लावतील. या प्रतिपिंड-चाचण्यांत वापरला जाणारा तपकिरी डीएबी रंग मेलॅनिनशी गल्लत करतो. लाल क्रोमोजेन (रंग देणारा पदार्थ) मागा, किंवा मेलॅनिन आधी ब्लीच करून घ्यायला सांगा. अहवालात मेलॅनोमा आला तर त्वचा, डोळे आणि गुदमार्ग तपासा, कारण अन्ननलिकेतली गाठ दुसरीकडून आलेलीही असू शकते.